पाण्याच्या इवल्याशा थेंबात नेमकं घडतं तरी काय? आणि माझी एक जुनी चूक



पावसात भिजलेल्या बोटांनी फोन अनलॉक करायचा प्रयत्न कधी केलाय? स्क्रीन वेड्यासारखी वागते. आपण एका ठिकाणी टच करतो आणि भलतंच ॲप उघडतं. कारण सोपं आहे. टचस्क्रीनवर एक हलकं विद्युतक्षेत्र असतं आणि बोट जवळ आलं की ते बदलतं. पाण्याचा थेंबही तेच करतो, कारण आपलं रोजचं पाणी म्हणजे नुसतं पाणी नसतं. त्यात आयन असतात, म्हणजे विद्युतभार असलेले कण. फोनला बिचाऱ्याला बोट कुठलं आणि थेंब कुठला हेच कळत नाही.

आजचा विषय फोन नाही. आजचा विषय हा थेंबच आहे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत रसायनशास्त्रज्ञांच्या लक्षात आलंय की पाणी ग्लासात असताना जसं वागतं, तसं ते केसाहून बारीक थेंबात वागत नाही. काही रासायनिक अभिक्रिया अशा थेंबात कितीतरी पट वेगाने होतात. काही ग्लासात होतच नाहीत, पण थेंबात होतात. यावर मोठे दावे झाले, जोरदार वाद झाले आणि त्यातल्या एका दाव्यात मी स्वतः तोंडावर आपटलो. तो किस्सा पुढे येईलच. आधी मूळ गोष्ट समजून घेऊया.

आधी एक मिनिटाचा प्रयोग

फोनची स्क्रीन बंद करा. बोटाच्या टोकाने पाण्याचा एक अगदी बारीक थेंब स्क्रीनवर ठेवा. एकच आणि बारीक, फोन नळाखाली धरू नका! आता स्क्रीन चालू करून पांढरा रंग दिसेल असं काहीतरी उघडा आणि थेंबाकडे जवळून बघा. पांढऱ्याच्या जागी लाल, हिरवे, निळे ठिपके दिसतील. थेंब इथे भिंगाचं काम करतो आणि स्क्रीनचे पिक्सेल मोठे करून दाखवतो.

थेंब भिंगासारखा गोल का झाला? पृष्ठताणामुळे. आतल्या रेणूला चारही बाजूंनी शेजारी असतात. पृष्ठभागावरच्या रेणूला वरच्या बाजूला शेजारीच नसतो, त्यामुळे तो आत खेचला जातो. पृष्ठभागावरचा हा ‘अर्धा एकटा’ रेणू लक्षात ठेवा. पुढच्या सगळ्या गोष्टीचा हीरो तोच आहे.

थेंबात आयन किती असतात?

समजा पाणी अगदी शुद्ध आहे. मीठ नाही, काहीच नाही. तरीही त्यात आयन असतात, कारण पाण्याचे काही रेणू आपोआप तुटतात आणि एक हायड्रोजन आयन व एक हायड्रॉक्साइड आयन तयार होतो. हे प्रमाण फार कमी आहे. साधारण ५५ कोटी रेणूंमागे एक रेणू तुटलेला असतो. शाळेत आपण ‘शुद्ध पाण्याचा पीएच ७’ असं पाठ करतो, त्याचा अर्थ हाच.

आता गंमत बघा. मी कॅल्क्युलेटर घेऊन हिशेब केला:

- १० मायक्रॉन व्यासाचा थेंब (केसाच्या जाडीच्या साधारण पाचव्या ते दहाव्या भागाएवढा): हायड्रोजन आयन सुमारे ३१,५००
- १ मायक्रॉनचा थेंब: सुमारे ३१
- ०.१ मायक्रॉनचा थेंब: सरासरी एकसुद्धा नाही! असे तीसेक थेंब घेतले तर त्यांत मिळून एक आयन

म्हणजे थेंब लहान होत गेला की ‘याचा पीएच किती?’ हा प्रश्नच विचित्र होतो. तीस थेंबांपैकी एकातच आयन असेल तर बाकी एकोणतीस थेंबांचा पीएच काय सांगायचा? पुस्तकातले नियम बादलीभर पाण्यासाठी बनवलेत. बादलीत आयन इतके असतात की सरासरी काढली तरी काही बिघडत नाही. थेंबात ती सरासरी चालत नाही.

लहान झाल्याने एवढा काय फरक पडतो?

चार गोष्टी बदलतात. एकेक बघूया.

१) पृष्ठभाग प्रचंड वाढतो. १ मिलिलिटर पाण्याचा एकच गोळा केला तर त्याचा पृष्ठभाग होतो जेमतेम ५ चौरस सेंटिमीटर. तेवढ्याच पाण्याचे १० मायक्रॉनचे थेंब केले तर सुमारे १९१ कोटी थेंब होतात आणि त्यांचा एकूण पृष्ठभाग होतो ६,००० चौरस सेंटिमीटर. म्हणजे १ मीटर लांब आणि ६० सेंटिमीटर रुंद अशा अभ्यासाच्या टेबलाएवढा. पाणी तेवढंच, पृष्ठभाग मात्र बाराशे पट!

२) पाणी उडून जातं, बाकी मागे राहतं. कोकणात किंवा मुंबईजवळ मिठागर पाहिलं असेल. समुद्राचं पाणी उन्हात आटतं आणि मीठ राहतं. बारीक थेंब म्हणजे उडतं मिठागरच. फक्त इथे आटायला दिवस लागत नाहीत, क्षणात आटतं. थेंबाचा व्यास निम्मा झाला की आकारमान आठव्या भागावर येतं, म्हणजे आत विरघळलेल्या पदार्थाची संहती आठ पट होते. रेणू जवळ आले की त्यांची टक्कर जास्त होते आणि अभिक्रियेचा वेग वाढतो.

३) काठावरचे रेणू मोकळे असतात. पाण्यात विरघळलेल्या रेणूभोवती पाण्याच्या रेणूंचं कडं असतं. दुसऱ्या रेणूशी अभिक्रिया करायची तर आधी ते कडं बाजूला सारावं लागतं आणि त्यात ऊर्जा खर्च होते. पृष्ठभागावरच्या रेणूभोवती हे कडं अर्धवटच असतं. गर्दीच्या लोकलमध्ये मधे अडकलेला माणूस आणि दारात उभा असलेला माणूस यात उतरायला कोणाला सोपं? तसंच.

४) काठावर आयनांची मांडणी वेगळी असते. काही आयनांना पृष्ठभागाजवळ राहणं सोयीचं असतं, काहींना आत. त्यामुळे काठावर विद्युतक्षेत्र तयार होऊ शकतं. ते नेमकं किती तीव्र असतं आणि त्याने किती फरक पडतो, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. वादाची ठिणगी इथूनच पडली.

थेंबातून आयन बाहेर काढायचा कसा?

वाद समजण्याआधी एक यंत्र समजून घ्यायला हवं, कारण हा सगळा अभ्यास त्याच्यामुळे शक्य झाला. या यंत्राचं नाव मास स्पेक्ट्रोमीटर. सोप्या भाषेत सांगायचं तर हा रेणूंचा वजनकाटा. फक्त अट अशी की रेणूवर विद्युतभार हवा आणि तो हवेत तरंगता, म्हणजे वायुरूपात हवा.

लहान रेणूंना हे जमतं. पण प्रथिनं? प्रथिनाचा रेणू इतका मोठा असतो की तापवून वाफ करायला गेलात तर अंड्यासारखा शिजून जातो. मग हा हत्ती हवेत उडवायचा कसा?

उत्तर थेंबात सापडलं. पद्धतीचं नाव इलेक्ट्रोस्प्रे. ती अशी चालते:

- प्रथिन विरघळलेलं द्रावण अगदी बारीक सुईतून सोडायचं.
- सुईला काही हजार व्होल्ट द्यायचे. टोकाशी द्रव ताणला जाऊन शंकूसारखा होतो आणि शंकूच्या टोकातून बारीक थेंबांचा फवारा निघतो. जेफ्री टेलर यांनी १९६४ मध्ये या आकाराचं गणित मांडलं, म्हणून त्याला टेलर शंकू म्हणतात.
- प्रत्येक थेंबावर जास्तीचा विद्युतभार असतो. थेंब आटत जातो, पण भार तेवढाच राहतो. सारखे भार एकमेकांना ढकलत असतात आणि पृष्ठताण थेंबाला धरून ठेवत असतो.
- एका मर्यादेनंतर पृष्ठताण हरतो आणि थेंब फुटून आणखी बारीक थेंब होतात. ते पुन्हा आटतात, पुन्हा फुटतात. शेवटी भार घेतलेला प्रथिनाचा रेणू एकटा उरतो. अखंड, न शिजलेला.

थेंब किती भार सोसू शकतो याचं सूत्र लॉर्ड रॅले यांनी १८८२ मध्येच दिलं होतं. त्यात आकडे घातले तर १० मायक्रॉनच्या पाण्याच्या थेंबावर जास्तीत जास्त सुमारे १४ लाख इलेक्ट्रॉनांएवढा भार मावतो. त्यापुढे थेंब फुटतो.

१९६० च्या दशकात माल्कम डोल यांनी या कल्पनेवर प्रयोग केले होते. पुढे १९८० च्या दशकात अमेरिकेत जॉन फेन यांनी ती प्रथिनांसाठी यशस्वी करून दाखवली. २००२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. त्यांच्याबरोबर कोइची तानाका आणि कुर्ट व्युथ्रिख हेही मानकरी होते. फेन तेव्हा ८५ वर्षांचे होते. नोबेल व्याख्यानाच्या शीर्षकात त्यांनी ‘रेणूंच्या हत्तींना पंख’ अशा अर्थाची उपमा वापरली होती. आपला हत्ती तिथूनच आलाय.

‘याचा मला काय उपयोग?’ असं वाटत असेल तर हे वाचा. नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावरून चयापचयाचे जन्मजात आजार शोधतात, त्यात हेच तंत्र वापरतात. भाज्यांवरच्या कीटकनाशकांचे अंश तपासायला आणि खेळाडूंच्या डोपिंग चाचणीतही ते असतं.

यंत्रानेच दाखवलेली नवी गोष्ट

इलेक्ट्रोस्प्रे वापरताना काही जणांना एक विचित्र गोष्ट दिसली. सुईत जे पदार्थ घातले होते त्यांच्याशिवाय काहीतरी नवीनच यंत्रात दिसत होतं. म्हणजे सुई ते यंत्र या प्रवासात, डोळ्याची पापणी लवायच्या आत, थेंबातच अभिक्रिया होऊन जात होती! फ्लास्कमध्ये त्याच अभिक्रियेला तासन् तास लागायचे.

पर्ड्यू विद्यापीठातले ग्रॅहम कुक्स आणि स्टॅनफर्डमधले रिचर्ड झेअर यांच्या गटांनी याचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला. कुक्स यांच्या गटाने २०२२ मध्ये दाखवलं की साध्या अमिनो आम्लांचे रेणू बारीक थेंबांत एकमेकांना जोडले जाऊन पेप्टाइड बनतात. ही मोठी बातमी होती. कारण अमिनो आम्लं जोडली जाताना पाण्याचा रेणू बाहेर पडतो, आणि आजूबाजूला पाणीच पाणी असताना असं घडणं अवघड मानलं जात होतं. मग पृथ्वीवर पाण्यात जीवन सुरू झालं कसं, हे जुनं कोडं होतं. ‘पाण्यात नाही, पाण्याच्या काठावर’ असं एक उत्तर त्यातून पुढे आलं. समुद्राच्या लाटांचे तुषार म्हणजे असे काठच काठ.

इथे एक सावधगिरी. यंत्रात दिसलेला सगळा वेग थेंबाच्या जादूमुळेच असतो असं नाही. काही वाटा नुसत्या आटण्यामुळे वाढलेल्या संहतीचा असतो आणि काही अभिक्रिया थेंब संपल्यावर वायुरूपातही होऊ शकतात. कशाचा वाटा किती, हे प्रत्येक अभिक्रियेसाठी वेगळं तपासावं लागतं.

आता माझी चूक

२०१९ मध्ये झेअर यांच्या गटाने एक खळबळजनक दावा केला. शुद्ध पाण्याचे १ ते २० मायक्रॉनचे थेंब केले की त्यात आपोआप हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं! ना कुठलं रसायन, ना वीज, ना उत्प्रेरक. पुढच्या वर्षी त्याच गटाकडून असंही आलं की पाण्याच्या बारीक फवाऱ्याने जिवाणू मरतात.

२०२० म्हणजे कोरोनाचं साल, हे तुम्हाला सांगायला नको. घरात सगळेच घाबरलेले. मी बातमी वाचली आणि उत्साहात फॅमिली ग्रुपवर लिहून टाकलं: ‘पाण्याचा बारीक फवाराच जंतुनाशक! स्टॅनफर्डचं संशोधन!’ खाली चार-पाच अंगठे आले, मी खूश.

आठवड्याभराने आत्याचा फोन आला. गप्पांच्या ओघात म्हणाली, “अरे, तू सांगितलंस ते छान झालं. आता साबण-बिबण काही नाही. बाहेरून आलेल्या सामानावर स्प्रे बाटलीने नुसतं पाणी मारते आणि हातांवरही तेच. तुझे काका तर म्हणतात पैसे वाचले.”

माझ्या पोटात गोळा आला. काकांना मधुमेह आहे. मी घाईघाईने म्हणालो, “आत्या, अगं नाही! तसं नाही ते. साबणानेच हात धुवा.” ती म्हणाली, “मग लिहिलंस कशाला तसं?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. सुदैवाने कोणाला काही झालं नाही. पण त्या रात्री मी पहिल्यांदा बसून आकडे तपासले, जे मी पाठवण्याआधी तपासायला हवे होते.

मूळ दाव्यातलं प्रमाण होतं सुमारे ३० मायक्रोमोलर, म्हणजे लिटरमागे साधारण १ मिलिग्रॅम. मेडिकलच्या दुकानात मिळणारं ३ टक्क्यांचं पेरॉक्साइड असतं लिटरमागे साधारण ३० ग्रॅम. सरळ ३०,००० पटींचा फरक! शिवाय प्रयोगातला फवारा दाबाखालच्या वायूने केलेला होता आणि थेंब मायक्रॉनमध्ये मोजायचे. आत्याच्या स्प्रे बाटलीतून निघणारे थेंब त्यापेक्षा खूप मोठे. आकार हाच मुद्दा असताना मी तोच गाळला होता.

मग पुढे त्या दाव्याचं काय झालं?

इथे विज्ञान कसं चालतं ते बघायला मिळतं. सौदी अरेबियातल्या किंग अब्दुल्ला विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात हिमांशू मिश्रा यांच्या गटाने तो प्रयोग पुन्हा करून पाहायचं ठरवलं. त्यांना टप्प्याटप्प्याने हे सापडलं:

- अल्ट्रासॉनिक ह्युमिडिफायरच्या धुक्यात पेरॉक्साइड मिळतं खरं. पण त्याचं कारण थेंब नाहीत. कंपनांमुळे पाण्यात सूक्ष्म बुडबुडे होतात आणि ते फुटताना आत प्रचंड उष्णता तयार होते. पेरॉक्साइड तिथे बनतं.
- आपल्या आजूबाजूच्या हवेत थोडा ओझोन असतो. तो थेंबात विरघळला की पेरॉक्साइड तयार होतं. २०२२ मध्ये त्यांनी ओझोन काटेकोरपणे बाजूला ठेवून फवारा केला, तर त्यांच्या उपकरणांना पेरॉक्साइड दिसलंच नाही.
- २०२४ मध्ये त्यांनी आणखी एका गोष्टीकडे बोट दाखवलं. पाणी ज्या घन पृष्ठभागाला टेकतं, तिथे पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनपासूनही थोडं पेरॉक्साइड बनू शकतं.

झेअर यांचा गटही गप्प बसला नाही. त्यांनीही ओझोन टाळून प्रयोग केले आणि ‘आम्हाला अजूनही पेरॉक्साइड मिळतंय’ असं सांगितलं. मात्र आता चर्चा पहिल्या दाव्यापेक्षा बऱ्याच कमी प्रमाणाची होती. वाद अजून चालू आहे, पण दोन्ही बाजूंमुळे एक गोष्ट पक्की झाली: इतक्या सूक्ष्म प्रमाणात मोजताना हवा, भांडं, नळी, पंप सगळंच प्रयोगाचा भाग असतं. १९१ कोटी थेंबांचं टेबलाएवढं पृष्ठ उघडं टाकल्यावर हवेतलं जे काही असेल ते आत शिरणारच ना!

मला यात एक गोष्ट फार आवडली. कोणी कोणाला ट्रोल केलं नाही. ‘तुझ्या प्रयोगात ओझोन होता’ असं म्हणायचं तर आधी ओझोन बाजूला ठेवून प्रयोग करून दाखवावा लागला.

थेंबांमधली छोटीशी वीज

आता अगदी अलीकडची गोष्ट. १८९२ मध्ये फिलिप लेनार्ड यांनी धबधब्यांचा अभ्यास करून दाखवलं होतं की पाणी आपटून फुटतं तेव्हा त्याच्या तुषारांवर आणि जवळच्या हवेत विद्युतभार येतो. बाहेरून व्होल्टेज द्यायची गरज नाही, नुसतं फुटणं पुरतं. बहुतेक वेळा बारीक थेंबांवर ऋण भार असतो आणि मोठ्यांवर धन.

२०२५ मध्ये झेअर यांच्या गटाने दाखवलं की असे विरुद्ध भाराचे थेंब जवळ आले की त्यांच्यामध्ये इवलीशी ठिणगी पडते. आकाशातल्या विजेची मिनी आवृत्तीच. हा प्रकाश इतका क्षणिक आणि मंद असतो की डोळ्यांना दिसत नाही, त्यासाठी खास कॅमेरे लागतात. मग त्यांनी नायट्रोजन, मिथेन, कार्बन डायऑक्साइड आणि अमोनिया यांच्या मिश्रणात साध्या पाण्याचा फवारा मारला. त्यात हायड्रोजन सायनाइड, ग्लायसिन हे अमिनो आम्ल आणि युरॅसिल तयार झालं. युरॅसिल हा आरएनएचा एक घटक आहे.

विज्ञानाच्या पुस्तकात मिलर-युरी प्रयोग वाचला असेल. १९५३ मध्ये स्टॅनली मिलर यांनी वायूंच्या मिश्रणात विजेच्या ठिणग्या पाडून अमिनो आम्लं मिळवली होती. त्यावर एक आक्षेप नेहमी घेतला जायचा: आकाशात वीज कधीतरी पडते, समुद्र एवढा अफाट, मग पुरेसं रसायन जमणार कसं? लाटा आणि धबधबे मात्र दिवसरात्र तुषार उडवत असतात. म्हणून ही छोटी वीज महत्त्वाची. अर्थात, यामुळे जीवन असंच सुरू झालं हे सिद्ध होत नाही. असं होऊ शकलं असतं, एवढंच म्हणता येतं. यावेळी मी ग्रुपवर काही टाकलं नाही!

भारतात काय चाललंय?

भरपूर. आयआयटी मद्रासमधले टी. प्रदीप, बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातले उमेश वाघमारे आणि सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये ‘सायन्स’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात एक शोध प्रसिद्ध केला. क्वार्ट्झ आणि माणिक यांसारख्या खनिजांचे काही मायक्रॉनचे कण विद्युतभारित पाण्याच्या बारीक थेंबांत घातले, तर ते फुटून ५ ते १० नॅनोमीटरचे कण झाले. तेही सेकंदाच्या शंभराव्या भागात. दगडाची झीज व्हायला निसर्गात हजारो वर्षं लागतात असं आपण शिकतो, आणि इथे पाण्याच्या थेंबाने दगड फोडला!

मुंबईचाही या विषयाशी संबंध आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून शिबदास बॅनर्जी आणि श्यामलव मजुमदार यांनी २०१२ मध्ये इलेक्ट्रोस्प्रेवर एक सविस्तर आढावा लेख लिहिला. तो इंटरनेटवर मोफत वाचता येतो. रसायनशास्त्र घेऊन बीएससी किंवा एमएससी करत असाल तर जरूर वाचा. बॅनर्जी पुढे तिरुपतीच्या आयसर संस्थेत याच क्षेत्रात काम करू लागले.

फोनवर तुम्ही काय करून बघू शकता?

घरात मास स्पेक्ट्रोमीटर नाही, पण टाइम-लॅप्स आहे. काळ्या ताटलीवर मिठाच्या पाण्याचा एक थेंब आणि शेजारी काळ्या चहाचा एक थेंब पांढऱ्या ताटलीवर ठेवा. फोन पुस्तकांच्या चळतीवर टेकवून टाइम-लॅप्स लावा. पंखा बंद. तास-दोन तासांत मिठाच्या थेंबात स्फटिक उगवताना दिसतील. चहाच्या थेंबाची मात्र कड गडद होईल आणि मधला भाग फिका राहील. कडेला पाणी लवकर उडतं, मग आतलं पाणी तिकडे वाहत जातं आणि चहाचे कण सोबत नेऊन कडेला सोडतं. काठावर वेगळं घडतं, हे इथे साध्या डोळ्यांनी दिसतं.

बातमी फॉरवर्ड करण्याआधी

आत्याच्या त्या प्रश्नानंतर मी स्वतःसाठी पाच प्रश्न लिहून ठेवलेत. फोनच्या नोट्समध्ये सगळ्यात वर पिन केलेत. तुम्हालाही देतो:

१) आकडा किती? ‘सापडलं’ आणि ‘उपयोगी पडेल एवढं सापडलं’ यात ३०,००० पटींचा फरक असू शकतो.
२) प्रयोगातली परिस्थिती आपल्या घरात आहे का? थेंबाचा आकार, दाब, वायू, वेळ.
३) दुसऱ्या कोणी तोच प्रयोग करून पाहिला का? त्यांना काय मिळालं?
४) दुसरं साधं कारण असू शकतं का? हवा, भांडं, मशीन?
५) हे वाचून कोणी आपली चांगली सवय सोडेल का? सोडणार असेल तर थांबा.

पाचवा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. आपण ‘भारी माहिती’ म्हणून पाठवतो, पण वाचणारा कधीकधी आपल्यावर विश्वास ठेवून तसं वागतो.

गेल्या पावसाळ्यात आत्याकडे गेलो होतो. खिडकीच्या काचेवर थेंब जमले होते. मी तिला फोनच्या स्क्रीनवर थेंब ठेवून लाल-हिरवे-निळे ठिपके दाखवले. तिने चष्मा सरकवून नीट बघितलं आणि म्हणाली, “हे खरंय ना? की यातही काही आहे?” मी म्हटलं, “हे तू स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंस की!”

तिने मग तो थेंब पदराने पुसला आणि काकांनाही हाक मारली. पुढचा थेंब तिने स्वतः ठेवला.

टाइम-लॅप्स करून बघितलात तर तुमच्या थेंबाचं काय झालं ते नक्की कळवा. मिठाऐवजी साखर, हळद, शाई काहीही घेऊन बघा. आणि हो, हात मात्र साबणानेच धुवा.